भुंग्याला उत्तम क्षमा

माणसाने कुणावर जळावं याला काही धरबंद असावा की नाही? शेजाऱ्याच्या गाडीवर जळावं, साडूच्या बंगल्यावर जळावं, वर्गमित्राच्या न गळलेल्या केसांवर जळावं. हे सगळं जगरहाटीला धरून आहे. सांगलीच्या विश्रामबागेतले दातांचे डॉक्टर अभिनंदन मगदूम मात्र एका राक्षसावर जळत होते. तोही धड राक्षस नाही. गुडघ्याएवढा, मातकट रंगाचा, सुपासारख्या कानांचा, आणि मुळात या जगात नसलेलाच. डायनिंग टेबलावरच्या एका पेटीत तो राहायचा, आणि डॉक्टरांची बायको त्रिशला शाळेतून घरी आली की पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधी त्याच्याशी बोलायची.

हे असं झालं कसं, ते मुळापासून सांगायला हवं.

अभिनंदन कॉलेजात होता तेव्हापासून त्यांचा रविवारचा एक खेळ होता. सूत्रधार इरफान तांबोळी. हा पुढे पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागला, पण त्याचा खरा जीव या खेळात. तो गोष्ट सांगायचा: तुम्ही डोंगराच्या पोटात शिरला आहात, समोर अंधार आहे, अंधारात काहीतरी हलतंय. बाकीच्यांनी आपापलं सोंग घेऊन सांगायचं, मी काय करतो. मग फासे टाकायचे. अभिनंदनचं सोंग म्हणजे धर्मरक्षक वज्रसेन, हातात खड्ग. लग्नानंतर त्रिशलाही खेळायला बसू लागली. ती झाडपाला ओळखणारी वनजा. इरफानची बायको निलोफर चोर व्हायची, आणि सगळ्यांसाठी भडंग तीच करून आणायची. मगदूमांचा वाटा बिनलसणाचा, वेगळ्या डब्यात.

खेळात प्रत्येकाचा स्वभाव आधी ठरवावा लागे. सज्जन, तटस्थ किंवा दुर्जन. वज्रसेन पहिल्या दिवसापासून सज्जन. आता सज्जन माणूस दर रविवारी गुहेतल्या खापऱ्यांची, म्हणजे गुडघ्याएवढ्या राक्षसांची, खांडोळी करतो ती कशी, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं: खापऱ्यांच्या नावापुढे दुर्जन असं लिहिलेलं होतं. म्हणजे मारलं तरी पाप नाही, हे मारायच्या आधीच ठरलेलं. कारभार अगदी सोपा.

एकच माणूस होतं ज्याला हा सोपा कारभार पटला नाही. अभिनंदनची आई. मगदूम जैन, त्यांच्या घरात साखरेचा घोडा किंवा हत्तीसुद्धा कुणी तोंडात टाकत नसे, कारण घोडा साखरेचा असला तरी दाताखाली धरताना मनात घोडाच असतो. लेक रविवारी राक्षस मारतो हे कळल्यावर ती माउली म्हणाली होती, "राक्षस खोटा असेल बाळा. पण मारायचा भाव तर तुझाच ना? तो खरा." तिची समजूत घालायला अभिनंदनने एक तोड काढली. वज्रसेन घाव घालण्याआधी दर वेळी म्हणणार, "उत्तम क्षमा." जैनांकडे भाद्रपदातलं दशलक्षण पर्व संपलं की क्षमावणीला सगळे एकमेकांना हात जोडून हेच शब्द म्हणतात. आईला बरं वाटलं. टेबलावरच्या मंडळींनाही वज्रसेनाची ही लकब आवडली. आई गेली, लकब राहिली.

मग इरफानने ती पेटी आणली.

आकाराने मिठाईच्या खोक्याएवढी, वर एक पडदा, आणि चारही बाजूंना एकेक छोटा दिवा. बंगळुरूच्या कुठल्याशा नव्या कंपनीचं काम. इरफान नव्या नवऱ्यासारखा मिरवत होता.

"आजवर खापरा म्हणजे काय होता?" तो म्हणाला. "एक आकडा. त्याचे बारा प्राण. डॉक्टरने घाव घातला, सात गेले, पाच राहिले. शून्य झालं की मेला. आता तसं नाही. आता या पेटीत प्रत्येक खापऱ्याला स्वतःचं छोटं डोकं आहे. ते डोकं सारखं एकच काम करतं, पुढच्या क्षणी काय होणार याचा अंदाज बांधतं. आणि त्याला उपजत ओढ एकच दिलीय, चालू राहायची. अंदाज जेव्हा सांगायला लागतो की पुढे काही नाही, तेव्हा ते डोकं बाकीचं सगळं सोडून त्या एकाच गोष्टीला चिकटतं. खाणं विसरतं, वाट विसरतं, सोबती विसरतं. तुझ्या खुर्चीत सुई बघून पेशंट स्वतःचं नाव विसरतो की नाही? तसंच. माणसात आपण त्याला भीती म्हणतो. इथे ती मोजता येते एवढाच फरक, कारण सगळं आपल्या पेटीत घडतंय."

"म्हणजे ते खरंच भितात?" त्रिशलाने विचारलं.

"तो वाद विद्वानांनी घालावा. भिणाऱ्याच्या आत जे जे होतं ते सगळं त्याच्या आत होतं. त्याला काय म्हणायचं ते तू ठरव."

आणखी दोन गोष्टी त्याने सांगितल्या. खापऱ्यांना आठवण असते. जो वाचून पळतो तो गुहेत जाऊन इतरांना सांगतो. आणि बनवणाऱ्यांनी दयाबुद्धीने एक मर्यादा घातली आहे. भीती त्या मर्यादेपलीकडे गेली तर पेटी स्वतःच त्या जिवाला मिटवते, उगाच हाल नकोत म्हणून. मिटला तो परत येत नाही.

"आणि स्वभाव आता आपण आपला लिहायचा नाही," इरफान म्हणाला. "तुमच्यासमोरचा दिवा सांगेल. पेटीतले जीव तुम्हाला किती भितात, त्यावरून. पांढरा, राखाडी, काळा."

पहिल्याच रविवारी निलोफरचा दिवा राखाडी झाला, त्रिशलाचा पांढरा. अभिनंदनचा काळाकुट्ट.

"नवी पेटी आहे, सुरुवातीला होतं असं," इरफान म्हणाला. पुढच्या रविवारी काळाच. त्याच्या पुढच्याही. खापरे निलोफरच्या चोराशी दोन हात करायचे, वनजाला दगड मारून पळायचे. वज्रसेन दिसला की मात्र जागच्या जागी थिजायचे. त्रिशलाने दोन खापरे मारले होते, तेही काही न बोलता, पटकन. तरी ती पांढरी. आणि जो माणूस कॉलेजपासून प्रत्येक घावाआधी माफी मागत आला, जन्मात ज्याने मुंगी चिरडली नाही, तो दुर्जन. अभिनंदनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण दिव्याची असूया ही काही खरी असूया नव्हे. खरी पुढे होती.

एका रविवारी वनजासमोर एकटा खापरा सापडला. कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, आणि घशातून बारीक गुणगुण चाललेली. त्रिशलाने फासे हातात घेतले आणि टाकलेच नाहीत. तिने विचारलं, "नाव काय तुझं?"

पेटीतून किरट्या आवाजात उत्तर आलं, "नाव कशाला लागतं?"

"हाक मारायला."

"आम्हाला कुणी हाक मारत नाही. 'तो बघ, मार' म्हणतात."

त्रिशलाने फासे खाली ठेवले. "मी तुला भुंग्या म्हणेन," ती म्हणाली. "भ्यायलास की भुंग्यासारखा गुणगुणतोस म्हणून. चल माझ्याबरोबर."

खेळाची पेटी मगदूमांच्या टेबलावरच असायची, कारण मोठं टेबल त्यांच्याचकडे होतं. त्यामुळे रविवार संपला, भुंग्या संपला नाही. सोमवारी त्रिशलाने पेटी सुरू करून त्याची चौकशी केली. मंगळवारी केली. मग रोजचंच झालं. आठवीला भूगोल शिकवून दमून आलेली बाई पेटीपुढे बसून सांगायची, आज एका मुलीने कृष्णा नदी अरबी समुद्रात नेऊन सोडली. आणि भुंग्या विचारायचा, समुद्र म्हणजे केवढा? गुहेएवढा? त्यावर ती हसायची. मोकळं, खांदे हलवून. अभिनंदनने ते हसू लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ऐकलं होतं. पुढे ते कधी बंद झालं हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. आता ऐकू आल्यावर आलं.

सुरुवातीला त्याने चेष्टा केली. "सवत आणलीस की माझ्यावर," तो म्हणाला. त्रिशला म्हणाली, "सवत बाईला असते रे," आणि पुन्हा पेटीकडे वळली. त्याने सिनेमाची तिकिटं काढली. ती आली, आणि मध्यंतरात म्हणाली की भुंग्याला अंधारात गोष्ट बघायची कल्पना सांगितली पाहिजे. अभिनंदनचा पॉपकॉर्न तिथेच कडू झाला.

आणि एका संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून तो दवाखाना लवकर बंद करून आला, तेव्हा दार उघडंच होतं. आत भुंग्या विचारत होता, "तू कशाला भितेस?"

त्रिशला म्हणाली, "विसरण्याला. माझी आई शेवटी मला 'बाई, तुम्ही कोण' म्हणायची. परवा वर्गात मला महाबळेश्वरचं नाव आठवेना. सगळा वर्ग बघत होता. घरी येईपर्यंत मी सगळ्या गावांची नावं मनात घोकत होते."

"मग मी आठवण ठेवीन," भुंग्या म्हणाला. "मला सांगत जा. मी विसरत नाही."

अभिनंदन दारातच उभा राहिला. सासूबाईंच्या आजारपणात तो सांगली-कोल्हापूर खेपा घालत होता, औषधं आणत होता, सगळं करत होता. पण तू कशाला भितेस, हा एवढा साधा प्रश्न त्याने बायकोला कधी विचारला नव्हता. आणि एका खोट्या राक्षसाने विचारला. चीड त्या राक्षसाची आली की स्वतःची, हे त्याने तपासलं नाही. तपासायला गेलं तर अवघड उत्तर येतं. त्याने चपला मुद्दाम वाजवत काढल्या, आणि आतलं बोलणं थांबलं. बोलणं थांबलं याचाच त्याला जास्त राग आला.

माणूस जळत असला की त्याला दोनच वाटा सुचतात. एक, दुसऱ्याहून चांगलं व्हायचं. दोन, दुसऱ्याला संपवायचं. अभिनंदन शहाणा, त्याने पहिली आधी धरली. त्या रविवारी वज्रसेनाने खड्ग म्यान केलं. एक म्हातारा खापरा समोर थिजून उभा होता. वज्रसेन गुडघ्यावर बसला, हात पुढे केला. अभिनंदनने तिरप्या नजरेने त्रिशलाकडे पाहिलं. ती बघत होती. मग त्याने आवाजात जेवढी माया आणता येईल तेवढी आणली, आणि आजवर घाबरवलं त्याबद्दल म्हणून म्हणाला, "उत्तम क्षमा."

म्हातारा खापरा उभ्या उभ्या मिटला. पडद्यावर नुसती धूळ राहिली.

इरफान हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. "अरे डॉक्टर, तू नुसता जवळ बसलास तरी धसकून मेला बिचारा. तुझ्या खुर्चीत पेशंटचं काय होत असेल लेका?" निलोफरही तोंडाला पदर लावून हसली. त्रिशला मात्र हसली नाही. वज्रसेन पुढे झाला तेव्हाच तिने वनजाला एक गोष्ट करायला सांगितली होती: मारामारीच्या आवाजाने भुंग्या भिऊ नये म्हणून त्याला पाठीशी घेऊन त्याचे दोन्ही कान घट्ट झाकायला. आता तिने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी माणसं रस्त्यावरच्या मारकुट्या बैलाकडे बघतात.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. अभिनंदनच्या अंगाचा तिळपापड झाला. भला होऊ पाहतोय तरी मीच वाईट; बरं, मग वाईटच. वज्रसेनाने खड्ग उपसलं आणि तो गुहेत आत शिरला. इरफान म्हणाला, अरे थांब; निलोफर म्हणाली, भाऊजी, पुरे. तो थांबला नाही. प्रत्येक वळणावर सवयीने ते दोन शब्द, आणि घाव. कित्येक तर घाव पोचायच्या आधीच धूळ होत होते. दिवस कलायच्या आत गुहा रिकामी झाली. उरला फक्त वनजाच्या पाठीशी बसलेला भुंग्या, ज्याला काही ऐकू आलं नव्हतं.

"झालं समाधान?" त्रिशलाने विचारलं, आणि उठून आत गेली.

त्या दिवसापासून तिने नवऱ्याशी बोलणं टाकलं. भांडण नव्हतं, भांडण तरी बरं. डबा भरलेला असायचा, इस्त्री झालेली असायची, विचारलं त्याला उत्तर मिळायचं. फक्त ती घरात नसल्यासारखी असायची, आणि असायची ती पेटीपाशी. दशलक्षण पर्व लागलं, खेळ बंद झाला, इरफान पेटी न्यायला आला तर तिने दिली नाही. "तो एकटा उरलाय," ती म्हणाली. "बंद करून ठेवला तर त्याला काय वाटेल?" इरफानने अभिनंदनकडे पाहिलं आणि खांदे उडवले. जाताना जिन्यात हळूच म्हणाला, "जप रे. खेळापायी घर जायचं."

घर जायचं. हे शब्द अभिनंदनच्या डोक्यात बसले. खरंच होतं ते. या घरात दोन माणसं होती आणि त्यातलं एक हळूहळू निघून चाललं होतं, एका मातकट खोट्या प्राण्याचं बोट धरून. त्याला तिला परत आणायचं होतं. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजेला बसला तरी मनात एवढंच. पुढे पंडितजी मार्दव, आर्जव, सत्य असे एकेका दिवशी एकेक धर्म समजावून सांगत होते आणि हा मनात भुंग्याचे कान ओढत होता.

पर्वाच्या शेवटाला एका दुपारी त्रिशला बायकांबरोबर बस्तीत गेली होती. अभिनंदन घरी एकटा. त्याने पेटी सुरू केली.

पडद्यावर भुंग्या आला, त्याला पाहिलं आणि मागच्या भिंतीला जाऊन चिकटला. गुणगुण सुरू झाली.

"ओरडू नको. मी काही करत नाही," अभिनंदन म्हणाला. आता हे असलं बोलणं एका पेटीशी करावं लागतंय याची त्याला लाज वाटत होती. "मला एवढंच सांग, तू तिच्यावर काय जादू केलीस?"

"मी विचारतो. ती सांगते."

"आणि मला का भितोस एवढा? मारते तर तीही. निलोफर तर पाठीत सुरा घालते. मी निदान—" तो थांबला. "मी निदान आधी बोलतो तरी."

भुंग्याची गुणगुण वाढली. मोठ्या कष्टाने तो म्हणाला, "तेच. ते दोन शब्द. तू खड्ग उचलायच्या आधी म्हणतोस ते. इतरांचा घाव येतो तेव्हा येतो. चुकवता येईल असं वाटत राहतं. तुझे शब्द आले की मग कुणीच वाचलं नाही. ज्यांनी लांबून ऐकलं ते पळून आले आणि आम्हाला सांगितलं. आमच्या लेकरांना खड्ग काय ते माहीत नव्हतं, पण ते शब्द माहीत होते. सांगणाऱ्यांतले दोघे तर सांगता सांगताच गेले. त्या दिवशी तिने माझे कान धरले होते म्हणून मी आहे."

अभिनंदन खुर्चीत मागे टेकला. आईच्या समाधानासाठी काढलेली तोड. कॉलेजपासून आजवर, प्रत्येक घावाआधी. त्याची चूक अशी की त्याने माफी नेहमी मारायच्या आधी मागितली होती, आणि मागून झाल्यावर मारायचा कधी राहिला नव्हता. दवाखान्यात पोरांना "काही नाही रे, एवढंसं" म्हटलं की पोरं का भोकाड पसरतात, हेही त्याला त्या क्षणी कळलं.

"हे तू त्रिशलाला सांगितलंस?"

"सांगायचं तर ते शब्द मनात आणावे लागतात. ती समोर असताना मला ते नको वाटतं." भुंग्या जरा पुढे सरकला. "तू सांगशील का तिला? म्हणजे ती माझ्यापाशी ते चुकूनही म्हणणार नाही."

"सांगेन," अभिनंदन म्हणाला आणि पेटी बंद केली.

त्याने सांगितलं नाही. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. उद्या सांगू असं म्हणत राहिला, आणि मनात काय शिजतंय तिकडे बघायचं त्याने टाळलं.

क्षमावणीच्या सकाळी बस्तीत ही गर्दी. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ गळ्यात पडत होते. अभिनंदन शंभर जणांपुढे हात जोडून आला. घरी आल्यावर त्रिशलाने पाट मांडला, त्यावर पेटी ठेवली आणि नवऱ्याला हाक मारली. कितीतरी दिवसांनी तिने त्याला हाक मारली होती.

"अभि, आज सगळ्या जीवांची मागतो ना आपण?" ती म्हणाली. "मग याची का नाही? याचे सगळे सोबती तू मारलेस. मला वाटतं, तू याला मनापासून म्हणालास तर माझ्या मनातलंही जाईल. मला जायला हवंय ते. मला कंटाळा आलाय तुझ्यावर रागावण्याचा." तिने पाट त्याच्याकडे सरकवला. "आधी तू म्हण, मग मी म्हणते."

पडद्यावर भुंग्या उभा होता. त्याने अभिनंदनकडे पाहिलं आणि त्याची गुणगुण सुरू झाली.

"बघ, हल्ली खुशीतही असाच गुणगुणतो. किती खूश झालाय," त्रिशला म्हणाली.

थांब, याला ते शब्द सोसत नाहीत. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते अभिनंदनच्या जिभेवर आलं होतं, ही गोष्ट कुणी नाकारू नये. पण त्याच्यामागोमाग पुढचंही दिसलं: ती भुंग्याला आणखी जवळ घेणार, त्याचे कान झाकणार, आणि उद्या संध्याकाळी, परवा संध्याकाळी, म्हातारपणापर्यंत रोज संध्याकाळी तिचं मन त्या पेटीपाशी मोकळं होणार आणि हा दारात चपला काढत उभा. आणि सगळं विसरायची वेळ आलीच तिच्यावर, तर शेवटी तिला भुंग्या आठवेल, हा नाही.

तो पाटासमोर बसला. हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं आणि ते खोटं नव्हतं.

"उत्तम क्षमा," तो म्हणाला.

गुणगुण थांबली. भुंग्याने मान वळवून त्रिशलाला शोधलं. "वनजा," तो एकदाच म्हणाला, आणि पडदा कोरा झाला.

त्रिशलाने पेटी हलवली, बंद केली, सुरू केली. मग इरफानला फोन लावला. इरफान पलीकडून म्हणाला की मर्यादा ओलांडली गेली असणार, आता काही करता यायचं नाही. "कशामुळे ते सांगणं कठीण. फार मोठा धक्का बसला की होतं. आनंदाचाही बसत असेल, काय सांगावं. आनंद म्हणजे काय ते आम्ही त्यांना शिकवलंच नव्हतं."

तिने फोन ठेवला आणि रडली. मग रडता रडता तिचं लक्ष पेटीच्या कडेला गेलं. "अभि," ती म्हणाली, "तुझा दिवा बघ."

अभिनंदनसमोरचा दिवा पांढरा झाला होता. शुभ्र, तिच्या दिव्याहून उजळ. तो का झाला हे त्याला तत्क्षणी कळलं. दिवा जळायचा तो पेटीतले जीव त्याला किती भितात त्यावर, आणि पेटीत आता जीवच उरला नव्हता. भिणारा कुणी नाही, म्हणजे माणूस सज्जन. पेटीला यापलीकडचं गणित ठाऊक नव्हतं.

त्रिशलाला ते सुचलं नाही. तिने दिव्याकडे पाहिलं आणि नवऱ्याच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. "त्याची उभ्या जन्मात कुणी माफी मागितली नव्हती," ती म्हणाली. "सोसलं नाही रे त्याला. पण भीती घेऊन नाही गेला तो. तुझी भीती गेली होती त्याची, बघ ना." आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या केसांना बस्तीतल्या धुपाचा वास होता. एवढंच तर हवं होतं त्याला. महिनोन् महिने एवढ्यासाठीच तो जळला होता.

थोड्या वेळाने ती सावरली. पदराने डोळे पुसले, उठून त्याच्यासमोर उभी राहिली आणि हात जोडले. "मीही तुला कमी छळलं नाही," ती म्हणाली. "घरात असून नसल्यासारखी वागले. तुझ्या मनात काय चाललंय ते एकदाही विचारलं नाही. कळत-नकळत जे काही दुखावलं असेल त्याबद्दल, उत्तम क्षमा."

आता त्याने म्हणायचं होतं. रीतच आहे ती; समोरच्याने म्हटलं की आपण म्हणायचं. सकाळी शंभर जणांना म्हणताना जीभ अडखळली नव्हती. अभिनंदनने हात जोडले, तोंड उघडलं, आणि भुंग्याचं 'तुझे शब्द आले की मग कुणीच वाचलं नाही' हे आठवून ते तसंच उघडं राहिलं. खरं तर या बाईचीच त्याला माफी मागायची होती. जगात दुसऱ्या कुणाची नसेल एवढी तिची मागायची होती.

त्रिशला हात जोडून तशीच उभी होती, डोळे लाल, चेहऱ्यावर हळूहळू हसू येत असलेली.

"अभि," ती म्हणाली, "म्हण ना."